ओल्या पायांनी आत येऊ नये

वादळात सर्वांत मोठा धोका निवाऱ्याला असतो, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे. (सर्वत्र म्हणजे आमच्या बेटावर. बाकीच्या जगाशी आमचा संबंध बोटीच्या फेरीपुरता.) माणसाचे काय, तो हलू शकतो, पळू शकतो, झाडाला मिठी मारू शकतो, आणि काहीच जमले नाही तर निदान बोंब मारू शकतो. निवारा बिचारा जिथे बांधला तिथे उभा. त्याला पाय नाहीत, तोंड नाही, मागेपुढे बघणारे सख्खे कोणी नाही. तेव्हा वादळात आधी कोणाला सांभाळायचे, यावर आमच्याकडे कधी दुमत झाले नाही.

मी निवारा जतन समितीचा सचिव. अध्यक्ष आमचे हेडमास्तर. सत्ता त्यांच्याकडे आणि किल्ली माझ्याकडे, अशी वाटणी आहे. किल्ली मी दोरीत ओवून गळ्यात घालतो. आंघोळीच्या वेळी ती काढून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, कारण किल्लीला पाणी लागणे चांगले नाही.

निवारा का बांधला, हे नव्या पिढीला सांगावे लागते. आमच्या लहानपणी एक वादळ येऊन गेले. त्यात धक्क्याजवळची खालची आळी समुद्रात गेली आणि तिच्याबरोबर माणसेही गेली. आमचे धाकटे काका त्यातच गेले. त्यानंतर पलीकडच्या सरकारला आमची दया आली आणि टेकडीवर निवारा बांधून मिळाला. (दया यायला बरीच वर्षे लागली. तीही बोटीनेच येणार ना.) निवाऱ्याच्या दारातच पितळी पाटी आहे आणि तिच्यावर गेलेल्यांची नावे आहेत. काकांचे नाव पाचवे. ती पाटी आम्ही दर महिन्याला लिंबू लावून घासतो, आणि काका हयातीत कधी इतके चकचकीत दिसले नव्हते असे ताई म्हणते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती पुढे येणारच आहे, आणि आली की बोलणारही आहे.

निवारा असा झाला की बघत राहावे. आत पांढरी फरशी आहे, तीत तोंड दिसते. हेडमास्तर तीत बघून भांग पाडतात. (याला मनाई आहे, पण ते अध्यक्ष आहेत.) सगळ्या गावाला पुरतील इतक्या चटया, लोकरी ब्लँकेटे, मोठी पातेली, जनरेटर, पायपुसण्या, आणि प्रमुख पाहुण्यांसाठी एक सोफा. दाराच्या चौकटीवरचे निळे प्लास्टिक अजून काढलेले नाही. जनरेटर उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांपुरता चालवला, मग पुसून त्याच्यावर चादर घातली. उद्घाटनाच्या त्याच संध्याकाळी फरशीवर चिखलाचे एक पाऊल उमटलेले सापडले. कोणाचे ते शेवटपर्यंत कळले नाही. पण सगळ्या बेटाची झोप उडाली, आणि दुसऱ्या दिवशी समिती स्थापन झाली.

नियम थोडे आणि सोपे आहेत. ओल्या पायांनी आत येऊ नये. भिंतीला टेकू नये. आत खाऊ नये, पिऊ नये, शिंकायचे झाल्यास बाहेर जाऊन यावे. लहान मुलांना कडेवर घ्यावे आणि कडेवरच ठेवावे. पाऊस पडत असताना दार उघडू नये, कारण त्याने पाऊस आत येतो. वारा सुटला असताना तर मुळीच उघडू नये. वादळाच्या वेळी काय करावे, याचा नियम मात्र केलेला नाही. तशी वेळ येऊच नये, अशी समितीची पहिल्यापासूनची भूमिका आहे.

या धोरणाला उत्तम यश आले. आजवर निवाऱ्याची सुस्थिती शंभर टक्के आणि वापर शून्य टक्के राहिला. मध्यंतरी पलीकडून एक तपासनीस साहेब आले होते. त्यांनी मोजे घालून आत फेरी मारली आणि शेरा दिला : "वापरल्यासारखा वाटतच नाही." आम्ही तो शेरा चौकटीत बसवून घेतला. काच फुटेल म्हणून भिंतीवर लावलेला नाही.

आता हे सगळे समितीमुळे झाले, असे म्हणणे म्हणजे बेटावर अन्याय होईल. मुळात आमची माणसेच जपणारी. कोणाच्याही घरी जा, चांगले ते कपाटात आणि फुटके ते वापरात, अशी शिस्त दिसेल. नर्सबाईंच्या दवाखान्याला भारी बॅटरी मिळाली, ती खोक्यातच आहे. अंधारात त्या मेणबत्ती लावून खोके जागेवर आहे ना ते बघून येतात. ताईच्या लग्नात तिला निळ्या फुलांचा कपबशांचा सेट मिळाला होता. तिच्या मुलीचे लग्न झाले, ती मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तरी कपांच्या बुडाचे स्टिकर निघालेले नव्हते. ताई चहा देते तो कान तुटलेल्या कपातून, आणि वर म्हणते, "सेट काढला असता रे, पण तू काय घरचाच."

एका गोष्टीचा उल्लेख इथेच करून ठेवतो, ती म्हणजे चपलांची शेड. निवारा बघायला येणारे लोक चपला पायऱ्यांवर काढत आणि पायऱ्या घाण होत. म्हणून बाजूला एक शेड ठोकून घेतली. मोडलेल्या होडीचे खांब, उरलेसुरले पत्रे, आत चपला ठेवायला आडव्या फळ्या, खाली माती. बांधकामाचे उरलेले सिमेंट कुठे टाकायचे, हा प्रश्न होता, ते गवंड्याने सगळेच्या सगळे तिच्या खांबांच्या बुडाशी ओतले. शेडला समिती नाही, किल्ली नाही, नियम नाहीत. तिच्याकडे कोणी कधी वळूनही पाहिले नव्हते.

असे सगळे सुरळीत चालले असताना वादळाची बातमी आली.

बातमी न्हाव्याने आणली. त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण त्याच्याकडे रेडिओ आहे आणि तो बंद केला तरी हा चालूच राहतो. एका गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच ठेवून तो हेडमास्तरांच्या घरी धावत आला. "मास्तर, चक्रीवादळ येतंय! सरळ आपल्यावर! परवा दुपारपर्यंत टेकणार म्हणतात!" हेडमास्तरांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत बसले, त्यांनी पाणी मागितले, आणि पहिला शब्द काढला तो हा : "फरशीचं काय होणार?"

समितीची तातडीची सभा निवाऱ्याच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली उभ्याने झाली. सारे बेट जमले होते. ठराव एकमताने झाले. निवारा चारी बाजूंनी झाकावा. त्यासाठी प्रत्येक घराने आपापल्या छपरावरची ताडपत्री काढून आणावी. होड्यांचे दोर सोडून आणावेत आणि निवारा आवळून बांधावा. आणि नाजूक सामान, म्हणजे सोफा, बोटीच्या शेवटच्या फेरीने पलीकडे सुरक्षित जागी पाठवावे. कोणी कुरकुर केली नाही. लोक धावत घरी गेले आणि आपल्या डोक्यावरची ताडपत्री उतरवून आणू लागले. एक म्हातारे गृहस्थ तर स्वतः छपरावर चढले. वरून म्हणाले, "आमचं काय, आम्ही भिजलो तर वाळू." मला भरून आले. अशी माणसे दुसरीकडे मिळणार नाहीत.

एकच अडचण आली ती घरातून. ताईचे घर खालच्या आळीत, धक्क्याला लागून. (जी आळी मागच्या वेळी गेली, तीच पुन्हा बांधली. जागा ओळखीची होती.) भाचीचे दिवस भरले होते. जावई बोटीवर कामाला, तो कुठल्या तरी दुसऱ्याच समुद्रात. दाजी गेल्यापासून ताईच्या घरात कर्ता असा मीच. ताईचा बेत असा, की भाचीला शेवटच्या बोटीने पलीकडच्या इस्पितळात न्यायचे. बेत चांगला होता. पण त्या दोघी धक्क्यावर पोहोचल्या तेव्हा सोफा चढवून झाला होता.

बोटवाला म्हणाला, "ताई, जागाच नाही हो. हा आडवाही बसत नाही नि उभाही बसत नाही."

"मग तिला त्याच्यावरच बसू दे की," ताई म्हणाली. "सोफा कशासाठी असतो?"

मी ताईला बाजूला घेऊन समजावले, की सोफ्यावर प्लास्टिक आहे, लाटांनी हिसके बसणार, आणि भाचीची अवस्था ही अशी. ताई रागावली की मला सेक्रेटरी म्हणते. ती म्हणाली, "सेक्रेटरी, हा सोफा आज इथे राहिला तर मरेल का?" मी समितीची भूमिका पुन्हा एकदा सांगितली. तेवढ्यात भाचीनेच तोडगा काढला. ती म्हणाली, "जाऊ दे, आई. मामा, मला उगाच धाकधूक नको. वाटेत काही झालं आणि डाग पडला तर जन्मभर ऐकावं लागेल." मुलीवर संस्कार चांगले आहेत. बोट सोफा घेऊन गेली. ताई ती दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभी होती, आणि माझ्याकडे तिने पाठ केली होती.

त्या पाठीकडे बघून मला बरे वाटले नाही, हे कबूल करायला हरकत नाही. मी मनाशी म्हटले, वादळे येतात म्हणतात आणि वळून जातात. रेडिओचे काय, तो रोजच काहीतरी बरळतो.

वादळ वळले नाही. ठरल्या दुपारी आकाश आधी जांभळे झाले, मग काळे, आणि मग ते दिसायचेच बंद झाले. वारा असा सुटला की बोललेला शब्द तोंडाबाहेर पडताच पळून जाई. ज्या घरांच्या ताडपत्र्या आम्ही काढून आणल्या होत्या त्यांची छपरे आधी उडाली. (यावरून ताडपत्र्या किती चांगल्या होत्या ते दिसते.) दोर सोडवलेल्या होड्या धक्क्यावर एकमेकींना धडका देऊ लागल्या. मग समुद्र खालच्या आळीत शिरला, आणि लोक टेकडीकडे धावत सुटले. हातात मुले, डोक्यावर गाठोडी, पाय चिखलाने भरलेले. सगळे सवयीने निवाऱ्यापाशी आले आणि सवयीनेच पायऱ्यांच्या खाली थांबले.

मी दारापुढे उभा होतो. हेडमास्तर माझ्या शेजारी, चष्मा हातात. गर्दीतून ताई वर आली. ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखली होती. एका हाताने तिने छातीशी प्लास्टिकची एक पिशवी धरली होती, दुसऱ्या हाताने भाचीला. भाची ओठ दाताखाली दाबून उभी होती आणि मधूनच वाकत होती.

"उघड," ताई म्हणाली.

"ताई, ठराव असा आहे की..."

"माझी पोर अडलीय रे! दार उघड!"

या पोरीला मी खांद्यावर बसवून बोटी दाखवल्या आहेत. पोहायला मी शिकवले आहे. ती एवढीशी असताना पाण्यात माझे नाक धरून ठेवायची. मी हेडमास्तरांकडे पाहिले. त्यांनी ओला चष्मा ओल्या सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि त्यातून त्यांना काही दिसले असेल असे वाटत नाही. पण माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "अपवाद म्हणून उघडा. मात्र सगळ्यांनी आधी पाय पुसा." पाय पुसायला कोरडे काही हवे होते. त्या घटकेला साऱ्या बेटावर कोरड्या अशा फक्त पायपुसण्या होत्या, आणि त्या आत होत्या.

मी दारावरची ताडपत्री बाजूला सारली, गळ्यातली किल्ली काढली आणि दार उघडले. दोन्ही दारे, सताड. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नंतर माझ्याबद्दल बरेच बोलले गेले.

आत फरशी पसरली होती. बाहेर सगळे जग काळे झालेले, आणि आत ती पांढरीफेक, थंड, एक रेघ नाही, एक डाग नाही. वाऱ्याने पावसाची एक सर आत फेकली. उंबऱ्याच्या आत थेंब पडले, आणि सगळ्या जमावाच्या तोंडून "अरे अरे अरे" असे निघाले.

कोणीही आत गेले नाही.

"चला," मी म्हटले. "जा ना."

"तुम्ही व्हा पुढे," कोणीतरी म्हणाले.

"नाही नाही, आधी लेकुरवाळ्या."

"आमचे पाय बघा हो कसे झालेत!"

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प होता. नर्सबाईंनी चपला काढून हातात घेतल्या, एक पाऊल टाकले, आणि मागे घेतले. मी ताईला म्हटले, "ताई, तू ये. मी सांगतो ना, ये!" ताईने पाय उचलला. उचललेल्या पायाचा तळवा तिने वाकून बघितला. मग आत बघितले. तिच्या चेहऱ्यावर इतका वेळ जो राग होता तो कुठे गेला, कळले नाही. "बाई गं," ती हळूच म्हणाली, "काय लख्ख ठेवलीय." आणि पाय होता तिथे खाली ठेवला.

तेवढ्यात एक आवाज आला : "अहो, दार लावा आधी, फरशी भिजतेय!"

तो आवाज ताईचाच होता, असे नर्सबाई अजून सांगतात. ताई मान्य करत नाही. मी दार लावले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. वर कडकडून वीज चमकली, भाची किंचाळली, आणि मग काय करावे हे कोणी कोणाला न सांगता सगळे बेट चपलांच्या शेडमध्ये शिरले.

तिथे कोणाला पाय पुसावे लागले नाहीत. माणसे दाटीवाटीने बसली, भिंतींना टेकली, शिंकली. कोणीतरी भिजलेली बिस्किटे काढून सगळ्यांना वाटली. निवाऱ्यावरच्या ताडपत्र्या फडफडू लागल्या तेव्हा पुरुषांनी दोरांची टोके आत ओढून घेतली आणि जोर लावून धरून ठेवली. म्हणजे शेडमध्ये बसून आम्ही निवारा धरून ठेवला होता. हेडमास्तरही एका दोराला लटकले होते. हाताची सालपटे निघाली तरी त्यांनी सोडला नाही.

कोपऱ्यात चपलांच्या फळ्या काढून त्यांचा बिछाना केला. पुरुषांनी तिकडे पाठ फिरवली. नर्सबाईंनी बाह्या वर केल्या. त्यांच्या दवाखान्याची नवी पेटी होती, सील न तोडलेली, ती त्यांनी येताना काखेत मारून आणली होती. सील तोडायला त्यांचा हात धजेना, म्हणून आधी जुनी कात्री कोणाकडे आहे का ते विचारले. न्हाव्याकडे होती. ती मेणबत्तीवर धरून घेतली.

बाहेर पत्रे वाजत होते, आत भाची. मी दोर धरून उभा होतो आणि डोळे मिटून काय काय कबूल करत होतो ते आता आठवत नाही. सोफा समुद्रात टाकीन, असेही म्हटले असावे. आणि मग वाऱ्याच्या वर एक बारीक, चिडका आवाज आला.

"मुलगी," नर्सबाई म्हणाल्या. "गार पडतेय. कोरडं कापड द्या. लवकर!"

कोणाच्याही अंगावर कोरडे सूत नव्हते. सगळ्यांचे डोळे ताईच्या पिशवीकडे गेले. ताईने ती आणखी घट्ट धरली.

"ताई, काय आहे त्यात?"

"दुलई," ताई म्हणाली. "बाळासाठीच शिवलीय. पण नवी आहे हो ती."

"आई," फळ्यांवरून भाची म्हणाली, आणि तिच्या आवाजात जीव उरला नव्हता तरी धार होती, "बाळ पण नवंच आहे."

ताईने पिशवीची गाठ सोडली. आत दुलई होती, निळी, काठाला पांढऱ्या टाक्यांची. आणि ती खराब होऊ नये म्हणून तिच्याभोवती ताईने आपले जुने, विटलेले, मऊ लुगडे गुंडाळले होते. कोरडे ठणठणीत. ताईचा चेहरा उजळला. तिने लुगडे सोडवून नर्सबाईंना दिले आणि दुलई परत पिशवीत घालून गाठ मारली. बाळ लुगड्यात गुंडाळले गेले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाळाला पुढे महिनाभर खोकला होता. दुलईला काहीही झाले नाही.

सकाळी वारा पडला. आम्ही ताडपत्र्या सोडल्या. निवारा पूर्ण सुरक्षित होता. उंबऱ्याशी पडलेले थेंबसुद्धा वाळून गेले होते. हेडमास्तर फरशीपुढे उभे राहून रडले, आणि मग बाकीच्यांनी टेकडीवरून खाली बघितले.

खालची आळी नव्हती. तिच्या जागी सपाट, ओला किनारा होता आणि त्यावर सामान पसरले होते. लोक खाली उतरून आपापले ओळखू लागले. आणि एक विचित्र गोष्ट दिसली : वाळूत पडलेले सगळे नवे होते. घड्या न मोडलेल्या साड्या. किमतीच्या चिठ्ठ्या लोंबणारे शर्ट. प्लास्टिकमधली गादी. खोक्यातली बॅटरी, खोके फुगलेले. जे जुने रोजच्या वापरातले होते, ते आम्ही अंगावर घालून किंवा हातात धरून टेकडीवर नेले होते. ते वाचले. दुलई आणि नर्सबाईंची पेटी सोडली तर नवे तेवढे गेले.

ताईला वाळूत एक कप सापडला. निळ्या फुलांचा. बाकीच्या सेटचा पत्ता नव्हता. तिने तो उलटा करून बघितला, बुडाला स्टिकर तसाच होता. ती तिथेच फतकल मारून बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. "एकदापण यातून चहा प्यायले नाही रे," ती म्हणाली. "तुझे दाजी म्हणायचे, काढ गं एकदा, काढ. मी म्हणायची, काढू, काही चांगलं झालं की काढू." मी तिच्या शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, कप समुद्राच्या पाण्यात धुतला, पदराने कोरडा केला आणि माझ्या हातात दिला.

"एकच राहिलाय," ती म्हणाली. "निवाऱ्यात नीट ठेव. फुटेल नाहीतर."

तो कप आता आमच्या देखरेखीखाली आहे. दुलईही तिथेच आहे. बाळ त्याच लुगड्यावर झोपते, आणि ते आता इतके विरले आहे की खालची चटई दिसते.

झाल्या प्रकाराची समितीने गंभीर दखल घेतली. ज्या वास्तूने साऱ्या बेटाचे प्राण वाचवले, ती इतके दिवस उघडी, बिनकुलपी, कोणीही यावे कोणीही जावे अशी पडून होती, याची सर्वांनाच लाज वाटली. चपलांच्या शेडला ताबडतोब रंग देण्यात आला. खाली पांढरी फरशी बसवली, उंबरा घातला, दार लावले. बाळाचा जन्म झाला त्या कोपऱ्यात पितळी पाटी लावली. उद्घाटनाला सोफा परत मागवला होता. आता दोन किल्ल्या माझ्या गळ्यात असतात. शेड बघायला येणाऱ्यांनी चपला कुठे काढाव्यात, हा प्रश्न निर्माण झाल्यामुळे एक साधीशी नवी शेड मंजूर झाली आहे. तिचे पत्रेही आलेत. गंजू नयेत म्हणून ते सध्या निवाऱ्यात, प्लास्टिकमध्ये ठेवले आहेत.

ताई, भाची आणि बाळ माझ्याकडे राहतात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. पुढची खोली मोठी आहे, हवेशीर आहे, पण ती पाहुण्यांची. ताई काय, घरचीच.

आज सकाळी रेडिओ पुन्हा अर्धी दाढी टाकून धावत आला. मागच्यापेक्षा मोठे आहे म्हणतो. सभा झाली. ताडपत्र्या या वेळी दोन्हीकडे वाटून घालायच्या आहेत. ताई मागच्या खोलीच्या दारात बाळाला घेऊन उभी होती. तिने विचारले, "या वेळी आम्ही कुठे बसायचं रे?" सेक्रेटरी म्हणाली नाही. नुसते विचारले. मी म्हटले, बघू. बाळ माझ्या गळ्यातल्या किल्ल्यांकडे बघून हात हलवत होते.

तुम्हाला हसू आले असेल. येऊ द्या. मुद्दाम कोणी आमच्या बेटावर येऊन राहावे, असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. फक्त एक करा. हे वाचून झाले की उठा, कपाट उघडा, पाहुण्यांचे कप खाली काढा, स्टिकर खरवडून टाका आणि घरातल्या माणसाला त्यातून चहा द्या. आज. काही चांगले झालेले नसताना.

नाही ना होत हात? मग येताना चपला हातात घेऊन या आणि आमच्याबरोबर पायऱ्यांच्या खाली थांबा. दार मी उघडीन.